डाऊन सिंड्रोम: प्रश्न फक्त वाकड्या दातांचा नाही

डिंभे धरणामागच्या एका वस्तीवरून आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ओपीडीत आली. तक्रार खोकल्याची. बोलता बोलता म्हणाली, "भाकरी चावतच नाही डॉक्टर, तशीच गिळते. लाडावलीय." मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. तोंड पाहिले, तर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत बसत होते आणि मोजक्या दाढाच एकमेकींना टेकत होत्या. ती चावणार कशाने?

या मुलांत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. वरचा जबडा लहान राहतो, म्हणून खालचा पुढे आलेला दिसतो. स्नायू सैल असल्याने तोंड उघडे आणि जीभ पुढे राहते. दात उशिरा येतात, काही येतच नाहीत. त्यामुळे चावणे आणि बोलणे दोन्ही अवघड होते. त्यात हिरड्यांचा आजार लवकर जडतो आणि न किडलेले दातही हलू लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. डाऊन सिंड्रोम आणि दातांचे विकार दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पण शाळेतच न जाणारे मूल सुटू शकते. सापडले, तरी दातांची ठेवण सुधारणारे उपचार महिनोन्‌महिने चालतात. दर फेरीला आईची मजुरी बुडते, आणि पुण्याची चिठ्ठी पिशवीतच राहते.

म्हणून पहिली दंततपासणी, हिरड्यांची सफाई आणि पाठपुरावा घोडेगाव-मंचरलाच व्हायला हवा. पुण्याला जावेच लागले, तर हृदय, थायरॉईड आणि दात यांची तारीख एकच द्यावी. यासाठी नवी योजना नको, तारखांचा मेळ हवा.

पालकांनी पहिला दात येताच, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मूल दंतवैद्याला दाखवावे. दोन्ही वेळा ब्रश मोठ्यांनी धरावा. यातील जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो; तो असल्यास दात काढण्यापूर्वी जरूर सांगावे, काहींना आधी प्रतिजैविक द्यावे लागते. मानेचे सांधेही सैल असू शकतात, म्हणून खुर्चीत मान फार मागे वाकवू देऊ नये.

आणि मूल घास तसाच गिळत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या तोंडात पाहावे.