दारुहळद आणि दुर्बीण

2020 साली करोनाच्या साथीने मालेगाव हादरले. मन्सुरा येथील युनानी महाविद्यालयाचा काढा तेव्हा घरोघरी गेला आणि साथ ओसरताच श्रेयही त्याच्याच पदरात पडले. काढा न घेणाऱ्यांशी काटेकोर तुलना केल्यावाचून असे श्रेय देता येत नाही.

चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या बाबतीत अशी तुलना झाली. आतड्यातील कर्करोगपूर्व गाठी काढलेल्या रुग्णांपैकी काहींना बर्बेरीन दिले, इतरांना औषध नसलेली हुबेहूब गोळी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गाठी पहिल्या गटात 36 टक्के, तर दुसऱ्यात 47 टक्के रुग्णांत पुन्हा उद्भवल्या. हे बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही आहे. तिचेच रसौत हकीम मूळव्याधीवर देत आले आहेत. ते रक्तात फारसे शोषले जात नाही, आतड्यातच राहून तेथील जिवाणूंवर परिणाम करते. फ्युजोबॅक्टेरियम हा जिवाणू तर कर्करोगाच्या गाठीत ठाण मांडून शरीराच्या प्रतिकारपेशींनाच थोपवतो, असे आढळले आहे. तेव्हा परंपरेला हसण्याचे कारण नाही.

तथापि चीनमधील त्या रुग्णांची आतडी आधी दुर्बिणीने तपासलेली होती. येथे यंत्रमागावर राबणारा कामगार शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून चूर्णावर महिने काढतो. (मजुरी बुडवून नाशिक गाठणार कोण?) हकिमांनी रसौत जरूर द्यावे, परंतु रक्त पडणाऱ्या रुग्णाला आधी तपासणीस धाडावे, आणि ती मालेगावातच अल्प खर्चात होईल अशी तजवीज शासनाने करावी.