गाणे आपले, नाव कोणाचे?

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत डीजेचे बुकिंग सुरू होते. जयंतीच्या मिरवणुकीत आता भीमगीतांसोबत रॅपही वाजते आणि याचा आम्हाला आनंद आहे. रॅप म्हणजे पाश्चात्त्य फॅड, त्यात कसले प्रबोधन, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी आम्ही सहमत नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क या जमैकन वंशाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या, तिथून हिप हॉपची सुरुवात मानली जाते. गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरांनी टर्नटेबल आणि माईकवर आपला राग मांडला. आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरलेल्या भीमराव कर्डकांच्या वारसांना हे परके वाटण्याचे कारण नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या गाण्याचे श्रेय आणि पैसा कोणाकडे जातो?

तामिळनाडूचे अरिवू यांचे उदाहरण घ्या. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडमधून पुढे आलेला हा आंबेडकरी रॅपर. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे आले. त्यामागे अरिवू यांच्या आजीची, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन मजुरांची कहाणी आहे. गाणे कोट्यवधी लोकांनी ऐकले. त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया'ने या गाण्याच्या यशाच्या निमित्ताने मुखपृष्ठ काढले, त्यावर अरिवू नव्हते. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, टीका झाली, तेव्हा कुठे त्यांचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हेच गाणे अरिवू यांच्याशिवाय झाले. ते परदेशात असल्याचा खुलासा आला. चाल कोणाची यावरही वाद झाला. पण शब्द अरिवू यांचे, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. पुढे २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की, या गाण्यातून कलाकारांना एक पैसाही मिळालेला नाही.

आमच्या वेदनेला बाजार आहे, पण वेदना मांडणाऱ्याला मंचावर जागा नाही, हे जातिव्यवस्थेचे जुनेच गणित आहे. कष्ट एकाचे, मालकी दुसऱ्याची.

मात्र प्रस्थापितांकडे बोट दाखवताना आपले घरही तपासू. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली. मिरवणुकीत नाचणाऱ्या किती पोरांना माहीत असते की वाजणारे गाणे वामनदादांचे आहे? वर्गणीतला मोठा वाटा साऊंड सिस्टीमवर जातो. वस्तीतल्या रॅपरला मात्र शाल, नारळ आणि 'समाजासाठी कर ना भावा' एवढेच मिळते. त्याच्या घरचे भाडे समाज भरत नाही. फुकट राबवणे ही वेठबिगारीच आहे, मग ती आपल्याच मंडळाने केली तरी.

कायदा कलावंताच्या बाजूने आहे, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत वाटा आहे आणि करारावर सही करूनही हा हक्क सोडता येत नाही. 'आयपीआरएस' ही संस्था रॉयल्टी गोळा करते, तिचे सभासद होता येते. पण कागद न वाचता सही करणाऱ्याच्या मदतीला कायदा आपोआप धावून येत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटले, त्यात करार वाचायला शिकणेही आले.

म्हणून आमचे जयंती मंडळांना तीन गोष्टींचे आवाहन आहे. वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याच्या कवीचे नाव माईकवरून घ्या. बजेटमध्ये कलावंताचे मानधन आधी लिहा, डीजेचा आकडा नंतर. आणि आपल्या वकील मित्रांना वर्षातून एकदा वस्तीत बोलवून तरुण गायक-रॅपरना करार समजावून द्या.

चळवळीचे गाणे जिवंत ठेवायचे असेल तर ते लिहिणारा आधी जगला पाहिजे.

जयभीम!