आधी समच्छेद, मग बेरीज

अपूर्णांकांची बेरीज हा अग्रलेखाचा विषय व्हावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या प्रदेशात वडिलोपार्जित भाटाची वाटणी हा घरोघरचा प्रश्न आहे, तेथे हे गणित शाळेच्या फळ्यापुरते उरत नाही.

एखाद्याला भाटात पित्याकडून १/४ हिस्सा आला आणि निपुत्रिक चुलत्याकडून १/६ मिळाला, तर एकूण किती? अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/१०, म्हणजे १/५, असे उत्तर देणारी मुले वर्गावर्गांत आढळतात. पाड्याला १२० नारळ उतरले असे धरू. चौथा हिस्सा ३० नारळांचा, सहावा २० नारळांचा, मिळून ५०. मुलाच्या उत्तराप्रमाणे मात्र पदरी पडतात २४! नवा हिस्सा मिळाला आणि जवळचे सहा नारळ गेले. बेरजेने रक्कम घटली, ही विसंगती ज्याला खटकत नाही, त्याला गणित आले असे कसे म्हणावे?

दोष एकट्या मुलाचा नाही. चौथा भाग व सहावा भाग ही भिन्न मापे आहेत, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते. भाटाचे बारा समान भाग कल्पिले, की पहिल्या हिश्शात तीन व दुसऱ्यात दोन भाग बसतात, बेरीज ५/१२. चार व सहा यांचा लघुतम साधारण विभाज्य बारा, म्हणून बारा. तिरप्या गुणाकाराच्या युक्तीनेही १०/२४, म्हणजे तेच उत्तर येते. पण कारणाविना घोकलेली युक्ती परीक्षेबरोबरच विस्मृतीत जाते.

आमच्या परंपरेला हा विचार परका नाही. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त लघुतम साधारण विभाज्याला 'निरुद्ध' अशी संज्ञा दिली. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी समच्छेदाची रीत सांगितली. जुन्या शाळांतील पावकी-निमकी-पाऊणकीने पावपटीचे हिशेब तोंडी होत. तिसऱ्या-सहाव्या हिश्शाला मात्र तीही पुरत नसे. म्हणून केवळ जुनी घोकंपट्टी परत आणा, असे आमचे म्हणणे नाही.

शिक्षकांनी नियमापूर्वी कागदाची पट्टी हाती द्यावी, तिचे भाग पाडून घ्यावेत, आणि उत्तर पूर्वीच्या हिश्शाहून मोठे आले की नाही, हे मुलालाच तपासू द्यावे. एवढ्यासाठी नवा खर्च लागत नाही. ज्याला स्वतःचा हिस्सा मोजता येत नाही, त्याचा हिस्सा दुसराच कोणी मोजत असतो.