हिमालयातील काजळी कोणाच्या खाती?

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्ते आणि कारखाने थंडावले असताना पंजाबातील जालंधर शहराच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमाच्छादित रांग दिसू लागली. कित्येक वर्षांत न दिसलेल्या या दृश्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातून निघणारा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. एरवी पर्वत झाकून टाकणारा हा धुरकट पडदा पर्वताच्या पायथ्याशी येऊन थांबतो काय?

तो थांबत नाही, हे आता मोजमापांनी सिद्ध झाले आहे. एव्हरेस्टच्या दक्षिणेस, नेपाळमधील खुंबू खोऱ्यात, ५,०७९ मीटर उंचीवर २००६ साली हवेची नोंद ठेवणारे एक केंद्र सुरू झाले. पहाटे तेथील हवा बरीच निर्मळ असते. दुपार चढू लागली की काजळीचे प्रमाणही चढते. वर्षाचा विचार केला तर पावसाळ्यापूर्वीचे महिने सर्वांत वाईट ठरतात. याचे स्पष्टीकरण शालेय भूगोलात आहे. उन्हाने डोंगरउतार तापले की त्यांना लागून असलेली हवा वर सरकते आणि दरीतून शिखराकडे वारे वाहू लागतात. गंगेच्या मैदानावर साचलेल्या धुराला ही अरुंद खोरी धुराड्यासारखी उपयोगी पडतात. पुढे मोसमी पाऊस येतो आणि हवा धुऊन काढतो. हिवाळ्यातील प्रकार निराळा आहे. तेव्हा दरीच्या तळाशी थंड हवा बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि काठमांडूसारख्या बशीच्या आकाराच्या खोऱ्यात गावचा धूर गावातच कोंडून राहतो.

वर गेलेल्या काजळीचे पुढे काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. ताजे बर्फ अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवते. त्यावर काजळीचा अगदी विरळ थर बसला तरी ते अधिक उष्णता शोषू लागते आणि लवकर वितळते. थरच्या वाळवंटातून उडणारी धूळही हेच करते. परंतु वाळवंटावर नोटीस बजावता येत नाही. भट्टीवर आणि चुलीवर मात्र उपाय करता येतो, आणि त्याचे फळही लवकर मिळते. कर्बद्विप्राणील वायूचा परिणाम शतकानुशतके टिकतो, तर काजळी हवेत फार तर काही दिवस, क्वचित एखाददोन आठवडे राहते. आज ती थांबवली तर पुढच्याच उन्हाळ्यात हवेत फरक दिसेल. इतक्या लवकर परतावा देणारी गुंतवणूक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सहसा आढळत नाही.

मग दोष कोणाचा? जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिमालयीन हिमनद्यांवरील अहवालाचा हिशेब असा की, या प्रदेशात येऊन पडणाऱ्या मानवनिर्मित काजळीपैकी ४५ ते ६६ टक्के वाटा, मुख्यतः वीटभट्ट्यांचा समावेश असलेले उद्योग आणि घरोघरचे लाकूड-गोवऱ्यांचे जळण, या दोहोंचा आहे. डिझेलच्या वाहनांचा वाटा ७ ते १८ टक्के आहे. ज्या शेतातील धसकटांच्या धुराने दर नोव्हेंबरात वृत्तपत्रांचे रकाने भरतात, तो ज्यात मोडतो त्या उघड्यावरील जाळण्याचा वाटा ३ टक्क्यांहूनही कमी आहे. दिल्लीच्या हवेचा हिशेब याहून निराळा आहे, हे मान्य. तथापि दिल्लीसाठी तयार केलेले आरोपपत्र हिमालयासाठी जसेच्या तसे वापरणे हा आळस होय.

सारा धूर खालून येतो, हा पहाडी राज्यांचा सोयीस्कर युक्तिवादही पुरता खरा नाही. चीड वृक्षाच्या वाळलेल्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, खच जंगलात साठतो आणि उन्हाळ्यात एका ठिणगीसरशी पेटतो. उत्तराखंडाने २०१६ आणि २०२४ साली हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. शिवाय यात्रेच्या हंगामात घाट चढणाऱ्या मोटारींच्या रांगांचा धूरही डोंगरावरच निघतो. त्या मोटारींत महाराष्ट्रातील यात्रेकरूही असतात, एवढे नमूद केलेले बरे.

ए. सी. पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात कारखान्याच्या धुराचे उदाहरण दिले होते. धुराने होणारे नुकसान कारखानदाराच्या खतावणीत कोठेच चढत नाही. ते शेजाऱ्यांच्या माथी बसते. आपल्याकडे सरकारी खतावणीचीही तीच गत झाली आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला तो शहरांसाठी. त्यात उत्तराखंडातील देहरादून, ऋषिकेश आणि काशीपूर ही नावे आहेत, तिन्ही पायथ्याची. हिमाचलच्या यादीतही बद्दी, परवाणू, काला अंब अशा पायथ्याच्या औद्योगिक वसाहतींचाच भरणा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने स्वच्छ हवेसाठी अनुदान दिले ते दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेनुसार असे एकही शहर हिमाचलात किंवा उत्तराखंडात नाही. राज्यांच्या सीमा ओलांडून हवेचा विचार करणारा आयोग २०२१ च्या कायद्याने निर्माण झाला खरा, पण त्याचे कार्यक्षेत्र राजधानी आणि तिला लागून असलेल्या राज्यांतील भाग एवढेच.

देशांच्या पातळीवर तर हिशेबाची वहीच उघडलेली नाही. स्वीडन आणि नॉर्वेतील सरोवरे परक्या धुराने आंबट होऊ लागली, तेव्हा युरोपातील राष्ट्रांनी १९७९ साली जिनीव्हा येथे करार केला आणि पुढे त्याला बंधनकारक मर्यादांची जोड दिली. दक्षिण आशियाने १९९८ मध्ये माले येथे जाहीरनामा काढला. त्यात सहकार्याची भाषा आहे, बंधन नाही.

उपाय अज्ञात आहेत असे नव्हे. विटांची नागमोडी रचना करून हवा फिरवणाऱ्या भट्टीला कोळसा कमी लागतो आणि काजळीही कमी निघते. २०१५ च्या भूकंपात पडलेल्या अनेक भट्ट्या नेपाळने याच पद्धतीने पुन्हा उभारल्या. केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये तसे नियम केले. चुलीचा प्रश्न अधिक अवघड आहे. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने घरोघरी गॅसची जोडणी पोहोचवली. पण दुसरा सिलिंडर विकत घ्यायची वेळ आली की गरीब गृहिणी पुन्हा सरपणाकडे वळते. तिला फुकट मिळणाऱ्या लाकडाशी स्पर्धा करायची, तर सिलिंडरची किंमत तिच्या मजुरीच्या मानाने ठरली पाहिजे. हे अनुदान केवळ तिच्या स्वयंपाकघरासाठी नसून गंगोत्रीच्या बर्फासाठीही आहे, असे अंदाजपत्रकात लिहायला कोणतीही अडचण नाही. वायुगुणवत्ता आयोगाचे कार्यक्षेत्र गंगेच्या संपूर्ण मैदानापर्यंत आणि त्याला लागून असलेल्या पहाडी राज्यांपर्यंत वाढवण्यासाठी तर केवळ एका दुरुस्ती विधेयकाची गरज आहे.