सीमोल्लंघन कोणत्या दिशेला?

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. अमरावतीत या दिवशी श्रीअंबामाता आणि श्रीएकवीरामाता यांच्या पालख्या वाजतगाजत बडनेरा रस्त्यावरील दसरा मैदानाकडे निघतात. ज्या काळी ही परंपरा रूढ झाली त्या काळी परकोटाच्या आत नगर होते आणि बाहेर मोकळे रान होते. आज मैदान ओलांडून पुढे पाहावे तो साईनगर आहे आणि त्याच्याही पुढे थेट बडनेऱ्यापर्यंत घरांची रांग लागली आहे. देवीची पालखी होती तेथेच थांबते. नगराची सीमा मात्र पालखीला मागे टाकून केव्हाच पुढे निघून गेली.

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. म्हणून याच दिवसांत नव्या वास्तूंची बोलणी होतात, विसार दिला जातो, आणि वृत्तपत्रांची पाने ‘आलिशान’ निवासांच्या जाहिरातींनी भरून जातात. या उत्साहाला कारणेही आहेत. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती आणि बडनेरा एका महानगरपालिकेत आली. १६ एप्रिल २०२५ रोजी बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. उत्तरेस नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २०२४ च्या सप्टेंबरात झाली. समृद्धी महामार्ग तर जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. मार्ग आले की माणसे येतात आणि माणसे आली की भूमीचे मोल वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम होय.

यंदाच्या नवरात्रात आमची कीर्तनसेवा अमरावतीस होती. ज्या घरी आमचे बिऱ्हाड होते ते घर अंबामातेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. जुना वाडा, वाटण्या झालेल्या, जिना मोडकळीस आलेला. थोरला मुलगा मुंबईस मोठ्या हुद्द्यावर आहे. आईवडील आणि आजी यांनी सुखात राहावे म्हणून त्याने मोठे घर घेण्याचे ठरविले आहे. दोन जागा त्याच्या मनात भरल्या. एक साईनगरात, प्रशस्त सदनिका, लिफ्ट असलेली. दुसरी पुढे बडनेऱ्याच्या अंगाला, स्वतंत्र बंगला, भोवती बाग, आणि विमानतळ जवळ. फराळानंतर यजमान म्हणाले, “बुवा, पंचांग पाहून तुम्हीच सांगा जी, कोणती दिशा लाभेल?” आजी कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

या प्रश्नाने आमच्या मनातील एक जुना सल जागा झाला. तो आज वाचकांपुढे मांडणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका भाविक कुटुंबाने आम्हांला असेच विचारले होते. जागा तेव्हाच्या नगरसीमेबाहेर होती. आम्ही द्वार पूर्वाभिमुख असल्याचे पाहिले, ईशान्येस देवघर पाहिले, नक्षत्र पाहिले आणि प्रसन्न मनाने मुहूर्त काढून दिला. संगमरवरी फरशी, नक्षीदार कठडे, सारे दृष्ट लागण्याजोगे होते. पाणी कोठून येते, हे मात्र आम्ही विचारले नाही. वर्षभराने गेलो तेव्हा त्या घरचे सत्तरीतले गृहस्थ भर दुपारी टँकरची वाट पाहत फाटकाशी उभे होते. कूपनलिकेला पाणी होते, पण ते तोंडात धरवत नव्हते. “बुवा, घर सोन्यासारखे आहे, पण तीर्थापुरते गोडे पाणी विकत आणावे लागते,” असे ते हसत म्हणाले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. म्हणूनच तो आम्हांला अधिक लागला.

वास्तविक आमच्या शास्त्रानेच आम्हांला सावध केले होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय संपतो आणि लगेच पुढचा अध्याय येतो तो भूमिगत जलाच्या शोधाचा. हा क्रम सहेतुक असावा असे आम्हांला वाटते. त्याच ग्रंथात भूमीची परीक्षाही आहे. हातभर खड्डा खणावा, निघालेल्या मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, कमी पडली तर त्याज्य. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले चालून यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. दिशांचे शास्त्र सांगणारे आम्ही ही परीक्षा मात्र सोयीस्करपणे विसरलो.

आता वऱ्हाडातील प्रत्यक्ष स्थिती पाहू. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे भूगर्भातील पाणी खारे असते. कूपनलिका कितीही खोल नेली तरी गोडे पाणी लागेलच असे नाही. म्हणून नगराचा आधार धरणांवर. अमरावती आणि बडनेरा यांना मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर भागते. २०१६ साली अकोल्याची हद्द वाढून मलकापूर, उमरी, खरप, गुडधी, शिवणी अशी चोवीस गावे महानगरपालिकेत आली. कागदावरील रेषा एका दिवसात सरकते. जलवाहिनी, गटार आणि दिवा यांना वर्षे लागतात. म्हणून गोरक्षण रस्त्यावर घर घ्यावे की त्याला लागून असलेल्या मलकापुरात (हा मलकापूर अकोल्याचा, बुलढाणा जिल्ह्यातील नव्हे), असा प्रश्न पडला तर मोठा भूखंड कोठे मिळतो एवढ्यावर भागत नाही. त्याच गल्लीतील तीन घरी जाऊन उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो ते गृहिणींना विचारावे. त्यांच्याइतके खरे उत्तर कोणतेही जाहिरात-पत्रक देणार नाही.

दुसरी गोष्ट भूमीची. आपली काळी कसदार माती कपाशीला माउली, परंतु घराच्या पायाला सावत्र. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतीही हलतात. अशा भूमीसाठी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असणाऱ्या खांबांची पद्धत विकसित केली आहे. भिंतीवरचा रंग पाहण्यापूर्वी पाया कोणत्या प्रकारचा, मातीची परीक्षा झाली काय, हे विचारण्यात संकोच नसावा. त्याचबरोबर नाल्याचा जुना मार्ग पाहावा. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत मोर्णेला पूर आला आणि अकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. नदी आपली वाट विसरत नाही. विसरतो तो माणूस.

तिसरी गोष्ट उन्हाची. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला आणि उष्णतेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचे १४४ कलम लावण्याची वेळ आली. अशा प्रदेशात काचेच्या भिंतींचा महाल हे वैभव की विटंबना? जाड भिंत, पश्चिमेकडे सावली, अंगणात कडुनिंब, ही वऱ्हाडची खरी श्रीमंती होय.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. श्रद्धा देवावर ठेवावी, व्यवहार कायद्याने करावा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा प्राधिकरण कार्यरत आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची तेथे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बांधकाम व्यावसायिकावर बंधनकारक आहे. सातबारा, अकृषक परवानगी आणि मंजूर नकाशा वकिलाकडून तपासून घ्यावा. एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. गृहलक्ष्मी म्हणून जिचा गौरव करतो तिचे नाव दारावरच्या पाटीबरोबर दस्तातही असावे.

असो. आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळू. पाणी, पाया, पूर आणि कागद यांत दोन्ही जागा उतरल्या तर निवाडा कशाने करावा? श्रीमद्भागवतात वर्णन आहे की विवाहापूर्वी रुक्मिणी कुलदेवीच्या दर्शनाला पायी निघाली. ते देऊळ अमरावतीचे अंबामातेचेच, अशी वऱ्हाडाची श्रद्धा आहे. राजकन्येच्या दारी रथ नव्हते असे थोडेच आहे? परंतु देवीकडे ती आपल्या पावलांनी गेली. आम्ही कोपऱ्यातल्या आजींना विचारले, “आजी, तुम्ही देवळात कशा जाता?” त्या म्हणाल्या, “पायीच जाते बाप्पा. साठ वर्षं झाली. वाटेत चार जणी भेटतात.”

त्या चार जणी कोणत्याही जाहिरात-पत्रकात नसतात. बडनेऱ्याचा बंगला नऊ-दहा किलोमीटर दूर. विमानतळ तेथून जवळ खरा. पण विमानाने येणारा मुलगा वर्षातून चार वेळा येणार, आणि आजींना देऊळ रोज हवे. ज्या घरातील मंडळींचा मुंबई-हावडा मार्गावरील गाड्यांशी नित्य संबंध आहे त्यांनी बडनेरा अवश्य निवडावे. ते घर त्यांच्यासाठी योग्यच ठरेल. या घरासाठी मात्र आम्ही साईनगर सांगितले. तेथून पायी जाणे आजींना होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. पण रिक्षाने थोड्या वेळात जाता येईल आणि मैत्रिणींनाही येता येईल. घर कोणाच्या पैशाने घेतले जाते यापेक्षा दुपारच्या एकांतात त्यात कोण बसणार आहे, हे आधी पाहावे. मुलाला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, आणि मग म्हणाला, “बुवा, आजीला मी विचारलेच नव्हते.”

आज आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. त्यामागची कौत्साची कथा रघुवंशातही आहे. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. कुबेराने भांडार भरून वृष्टी केली. रघू सारेच देऊ पाहत होता, परंतु कौत्साने दक्षिणेपुरतेच घेतले, एकही मुद्रा अधिक घेतली नाही. आपल्याला किती हवे हे ज्याला ठाऊक आहे तोच श्रीमंत. ही मोजपट्टी हाती धरून घर निवडले तर दोन उपनगरांतील कोणतेही लाभेल.

सीमा अवश्य ओलांडावी. मात्र ओलांडताना घरातले वृद्ध, देवापुढचे गोडे पाणी आणि शेजारधर्म अलीकडे राहू नयेत. अंबामाता सर्वांच्या वास्तूंत शांती नांदवो, हीच आजच्या शुभदिनी प्रार्थना.