पाहून केलं, की समजून?

मैत्रिणींनो, संक्रांतीला बारामतीत एकीनं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले, की रथसप्तमीपर्यंत इंदापुरातही डबेच! एकमेकींचं पाहून पसरणाऱ्या अशा गोष्टींना रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘मीम’ हे नाव दिलं. डब्यांचं ठीक आहे हो. पण यंदा हळदीकुंकवाची यादी करताना इंदापूरच्या विधवा जाऊबाईंच्या नावापाशी माझा हात अडला. का? तर सगळ्याजणी वगळतात म्हणून!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे समजून केलेलंही पसरतं, बरं का! मी पहिलं बोलावणं जाऊबाईंनाच धाडलं. तुम्ही?