गावात राजकारण नको, असे नेमके कोण म्हणते?

१/ ग्रामपंचायतीच्या निवडणुका जाहीर झाल्या की महाराष्ट्रात एक वाक्य हमखास कानी पडते : गावात राजकारण नको. मग देवळाच्या सभामंडपात चार वडीलधारी बसतात, नावे ठरतात, उरलेले अर्ज मागे घेतले जातात आणि गाव ‘बिनविरोध’ झाले म्हणून गुलाल उधळला जातो. आमदार निधी जाहीर करतात, वर्तमानपत्रे कौतुक करतात. एकोपा हा सद्गुण खराच. परंतु त्या बैठकीत ज्यांची नावे उच्चारलीच गेली नाहीत, त्यांच्या मौनालाही एकोपा म्हणायचे काय?

२/ हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. इंग्लंडच्या खेड्यांनी तो फार आधी आणि फार कडवटपणे अनुभवला आहे. तेथील खेड्याचा कारभार आज पॅरिश कौन्सिल पाहते : दफनभूमी, पायवाटा, रस्त्यावरचे दिवे, बसथांब्याचा आडोसा, भाजीपाल्यासाठी दिलेले जमिनीचे तुकडे. कामे किरकोळ वाटतात. पण या किरकोळ कामांवर कोणाचा हात असावा, यासाठी एकोणिसाव्या शतकात जे घडले ते किरकोळ नव्हते.

३/ पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. त्या हद्दीतील करदात्यांची सभा चर्चमधील वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत भरे. म्हणून सभेलाही व्हेस्ट्री हेच नाव पडले. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची देखभाल पॅरिशकडे आली, १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषणही. कर बसवायचा तिने, वाटायचाही तिने. उपाशी घराला भाकरी द्यावी की नाही, हे लंडनमध्ये ठरत नव्हते. शेजाऱ्यांच्या बैठकीत ठरत होते.

४/ या शेजारधर्माचे चित्र फारसे मोहक नाही. १६६२ च्या कायद्यानुसार गरीब माणसाला त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशमध्ये परत हाकलता येई. अनौरस मुलाचा हक्क जन्माच्या ठिकाणी लागू होई; म्हणून पोटुशी अविवाहित स्त्री प्रसूत होण्याआधीच हद्दीबाहेर काढण्याची घाई केली जाई. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांच्या अंगरख्यावर ‘पी’ हे अक्षर आणि पॅरिशचे आद्याक्षर शिवणे सक्तीचे केले. ही तरतूद १८१० मध्ये रद्द झाली. हे सर्व करणारे परके सत्ताधीश नव्हते. ते गावकरीच होते.

५/ त्या सभेत बसत कोण? अध्यक्षपद धर्मगुरूचे, पदसिद्ध. जागा चर्चची. सभा अनेकदा दिवसा, म्हणजे शेतमजूर दुसऱ्याच्या रानात राबत असताना. आणि १८१८ च्या स्टर्जेस बोर्न कायद्यानंतर मतेही डोक्यांवर नव्हे, मालमत्तेवर मोजली जाऊ लागली. ज्याच्या मालमत्तेची करआकारणी ५० पौंडांपेक्षा कमी, त्याला एक मत, पुढील प्रत्येक २५ पौंडांना आणखी एक, कमाल ६. एक जमीनदार उभा राहिला की सहा छोट्या करदात्यांचा आवाज बुडे. मजुराचा तर हिशेबच नव्हता.

६/ माणसे मोजण्याऐवजी मालमत्ता मोजण्याचे हेच तत्त्व गावाच्या सामाईक जमिनीलाही लावले गेले. तो निर्णय पार्लमेंटचा असे, पण संमती धरली जाई ती जमिनीच्या मूल्यानुसार. १६०४ ते १९१४ या काळात कुंपणबंदीची ५,२०० हून अधिक विधेयके मंजूर झाली आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक जमीन त्यांखाली आली. ज्याची एक गाय त्या गायरानावर चरत होती, त्याने मोठ्या मालकांपुढे कितीही विरोध केला तरी पारडे हलत नसे. कागदावर मात्र गावाची बहुमताने संमती!

७/ ‘गावात राजकारण नको’ या वाक्याचा जन्म अशा व्यवस्थेत होतो. ज्याच्या शेतावर राबायचे, ज्याच्या घरात भाड्याने राहायचे आणि वाईट दिवसांत ज्याच्या शब्दावर मदत मिळायची, तो माणूस एकच असेल, तर त्याच्यासमोर विरोध कोण करील? भांडण दिसत नाही, कारण भांडण परवडत नाही. सभेच्या कागदांत ‘सर्वानुमते’ असा शेरा पडतो आणि पुढच्या पिढ्या त्यालाच सुवर्णकाळ समजतात.

८/ बदल गावाच्या सदिच्छेने आला नाही. वॉरिकशायरचा जोसेफ आर्च, स्वतः शेतमजूर, याने १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १८८४ च्या सुधारणेने खेड्यातील मजूर कुटुंबप्रमुखांना पार्लमेंटचे मत मिळाले आणि १८८५ मध्ये आर्च स्वतः निवडून गेला. मग मागणी आली ती गावच्या कारभाराची. त्यावर हुजूरपक्षाचे नेते लॉर्ड सॉल्सबरी यांनी जे सुचवले ते प्रसिद्ध आहे : खेडुतांच्या करमणुकीचाच प्रश्न असेल, तर पॅरिश कौन्सिलपेक्षा सर्कस बरी. ज्यांच्या हातून सत्ता निसटत असते, त्यांना सत्तेची मागणी नेहमीच विनोदी वाटते.

९/ कायदा अखेर १८९४ मध्ये झाला. उमरावांच्या सभागृहाने त्याला इतके कापले-छाटले की ८४ वर्षांच्या ग्लॅडस्टनने १ मार्च १८९४ रोजी कॉमन्समधील आपले शेवटचे भाषण याच वादावर केले. आयर्लंडसाठी आयुष्याची अखेर वेचणारा हा पंतप्रधान सभागृहाचा निरोप घेताना बोलला तो गावच्या कौन्सिलांच्या विधेयकावर, उमरावांनी त्याची जी दशा केली तिच्यावर. गावच्या कारभाराला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

१०/ त्या कायद्याची कलमे बारकाईने वाचावीत अशी आहेत. पॅरिशची सभा संध्याकाळी ६ च्या आत सुरू करता येणार नाही, कारण मजूर तोवर शेतात असतो. सभेसाठी शाळेची खोली विनामूल्य मिळेल. दुसरी योग्य जागा उपलब्ध असताना कौन्सिलची बैठक दारूच्या गुत्त्यात भरणार नाही. धर्मगुरू पदसिद्ध अध्यक्ष राहणार नाही. अध्यक्ष निवडला जाईल. प्रत्येक मतदाराला एकच मत. आणि स्त्री आहे किंवा विवाहित आहे, एवढ्या कारणाने कोणीही निवडून येण्यास अपात्र ठरणार नाही. पार्लमेंटचे मत स्त्रियांना मिळायला त्यानंतर २४ वर्षे लागली.

११/ लोकशाही अशी घडते : वेळ, जागा, खुर्ची आणि मोजणी बदलून. समतेवरची शंभर प्रवचने जे करू शकली नाहीत, ते ‘सहाच्या आत नको’ या एका ओळीने केले. शिवाय पॅरिश कौन्सिलच्या संमतीवाचून सार्वजनिक पायवाट बंद करता येईना किंवा वळवता येईना. मजुरांना भाजीपाल्यासाठी जमीन मिळावी म्हणून ती सक्तीने भाड्याने घेण्याची वाट मोकळी झाली. चर्चच्या नोंदी वगळता गावची दप्तरे कोठे ठेवावीत, हेही कौन्सिल ठरवू लागली. जमीन, वाट आणि दप्तर! कोणत्याही गावाची खरी तिजोरी हीच.

१२/ हा कायदा निर्दोष होता, असे मात्र नव्हे. निवड सभेत हात वर करूनच होई. गुप्त मतदान हवे असेल तर ते मागावे लागे. मालकाच्या डोळ्यांदेखत हात वर करण्यासाठी काय धैर्य लागत असेल, याची कल्पना ‘सर्वानुमते’ म्हणणाऱ्यांनी करून पाहावी. कराची मर्यादा पौंडामागे ३ पेनी, सभेच्या संमतीने फार तर ६ पेनी. म्हणजे अधिकार दिला, पण पिशवीचे तोंड घट्ट बांधून. अनेक ठिकाणी जुनेच बडे शेतकरी नव्या खुर्च्यांवर बसले.

१३/ तरीही फट पडली होती. केंट परगण्यातील पेन्सहर्स्टच्या पॅरिश कौन्सिलमध्ये जेन एस्कोम्ब ही स्त्री निवडून आली. मजुरांच्या घरांची दुरवस्था हा तिने कौन्सिलचा विषय केला. परवानग्यांच्या पायऱ्या चढत वरच्या मंडळांमागे अनेक वर्षे तगादा लावावा लागला, पण १९०० मध्ये गावात मजुरांसाठी सार्वजनिक खर्चाने घरे उभी राहिली. धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली, सहा-सहा मतांच्या मालकांपुढे, हा विषय निघाला तरी असता काय?

१४/ आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार कौन्सिली आहेत. २०२१ मध्ये हॅन्डफोर्थच्या कौन्सिलची एक ऑनलाइन बैठक जगभर पाहिली गेली. आरडाओरडा, सदस्याला बैठकीबाहेर काढणे, आणि त्यावर हशा. सॉल्सबरींची सर्कस अखेर मिळाली, असेच कोणालाही वाटावे. परंतु त्या गोंगाटाहून चिंतेची गोष्ट वेगळी आहे : असंख्य पॅरिशमध्ये उमेदवारच पुरेसे मिळत नाहीत, जागा बिनविरोध भरतात किंवा उरलेले सदस्य कोणाला तरी घेऊन भरतात. गोंगाट लोकशाहीला मारत नाही. रिकाम्या खुर्च्या मारतात.

१५/ आता महाराष्ट्राकडे. भारतीय खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताके, हे चित्र रंगवले ते चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३० मध्ये. आपल्याकडे ते इतके आवडले की रंगारी कोण हेही विसरले गेले. जुन्या महजरांवर पाटलाच्या नांगराबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या आढळतात, हे खरे. पण साक्षीला बोलावणे आणि निर्णयात वाटा देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. गावकुसाबाहेरच्या माणसाची निशाणी कागदावर चालत होती. विहिरीवर त्याची सावली चालत नव्हती.

१६/ हे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसलेल्या पंचायतीच्या हाती त्यांचे भवितव्य सोपवण्यास त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी ग्रामप्रजासत्ताकाच्या या भाबड्या भक्तीवर पुन्हा प्रहार केला. त्यांना ‘गावद्वेष्टे’ ठरवणाऱ्यांनी गावाकडे देवळाच्या सभामंडपातूनच पाहिले होते. बाबासाहेबांना वेशीबाहेरून दिसणारे गाव ठाऊक होते.

१७/ १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, राखीव जागा, २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांसाठी निम्म्या जागा, ग्रामसभेपूर्वी भरवायची महिलांची स्वतंत्र सभा : या तरतुदी म्हणजे महाराष्ट्राचे ‘सहाच्या आत नको’ होय. आपोआप कोणी बोलावणार नाही, म्हणून कायद्याने बोलावले. बिनविरोधाची बैठक नेमके हेच बोलावणे रद्द करते. ती महिलांच्या सभेची वाट पाहत नाही, गुप्त मतदानाची तर नाहीच.

१८/ या वाटेचा शेवट कोठे होतो, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द करावी लागली. १८१८ च्या इंग्लंडमध्ये ५० पौंडांहून कमी आकारणीला एक मत होते. येथे बोली लावणाऱ्याला अख्खे गाव मिळणार होते. बोलीचा पैसा देवळाला गेला, तरी विकले गेले ते मतच.

१९/ निवडणुकीने भावकीत वैर येते, पैसा उधळला जातो, पोरे तालुक्याच्या पुढाऱ्यांमागे फिरतात. हे आक्षेप खोटे नाहीत. पण त्यांवरचा उपाय मतदान टाळणे हा नव्हे. खर्चावर लगाम घालावा, ग्रामसभा कामकरी माणसाला येता येईल अशा वेळी भरवावी, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे, दप्तर मागणाऱ्याला दाखवावे. आणि निधीचे बक्षीस द्यायचेच असेल, तर ते बिनविरोध गावाला नव्हे, ज्या गावात ग्रामसभा खरोखर भरते त्या गावाला द्यावे.

२०/ काही ठिकाणी खरी सहमतीही होते. सर्व वस्त्यांतील माणसे बसतात, वाद घालतात आणि एका निर्णयावर येतात. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. तेथे ‘नाही’ म्हणणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही : त्याचे काम सुटत नाही, पाणी तुटत नाही, वाट अडवली जात नाही. ज्या गावात ‘नाही’ म्हणणे सुरक्षित आहे, त्याच गावाच्या ‘हो’ला किंमत आहे. बाकीच्या गावांत गुलाल उधळण्यापूर्वी अर्ज मागे घेणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला एकट्याला विचारावे, तो का मागे घेतला.